टॅबलेट क्रमांक चार

नंदुरबारच्या एका शाळेत मी ग्रंथपाल.
पूर्वी पुस्तक परत आलं की पानं मोजायचे,
आता विचारते, चार्जर आणलास का?
पाच टॅबलेट, एकतीस पोरं,
आणि एक लांबडं रजिस्टर, त्यात माझं वळणदार अक्षर.

क्रमांक चार शनिवारी हर्षाली भोईकडे गेला.
अकरावी विज्ञान, मिरचीच्या पथारीमागची वस्ती.
सोमवारी आला तेव्हा चार्जिंगच्या भोकात तांबडी पूड.
मी फुंकर मारली
आणि दुपारभर शिंकत बसले.

नियम असा, की पुढच्याला देण्याआधी
मागच्याचं सगळं पुसायचं,
पाहिलेलं, शोधलेलं, अर्धवट लिहून सोडलेलं.
एक बटण, की घर झाडून स्वच्छ.
पण बटणाआधी डोळा जातो.
जाऊ नये, जातो.

रात्री आठ: रासायनिक बंध सोप्या भाषेत.
आठ चाळीस: रासायनिक बंध आणखी सोप्या भाषेत.
साडेनऊ: उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत मिळतो.
मग दहा वाजता, हे काहीतरी भलतंच:
बोटे सोनी आग काशी जाई.

दोनदा वाचलं, मग मोठ्यानं म्हणून पाहिलं,
तेव्हा कानाला लागलं.
बोटेस्नी आग कशी जाई?
दिवसभर देठ खुडून आलेल्या बाईनं
यंत्राला तोंडानं विचारलं होतं, आपल्या बोलीत,
आणि यंत्रानं मनापासून
काशीला जाणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक दिलं होतं.

पुन्हा विचारलं. पुन्हा काशी.
तिसऱ्यांदा आवाज चढला असावा,
कारण लिहून आलं होतं:
मी काय म्हणून तुला समजून नाही का.
मग दहा वीसला, शाळेच्या शुद्ध मराठीत,
मिरचीमुळे बोटांची आग होणे, घरगुती उपाय.
ही हर्षाली.
मायच्या आणि यंत्राच्या मधे बसलेली दुभाषी,
जिचे बंध अजून समजायचे राहिलेत.

दूध, दही, खोबरेल, असं काय काय आलं.

पण माझं मन अडकलं ते पहाटे पाचला.
हतमज भव.
हतमोज भव.
हातमोजे भव.
हातमोजे भाव.
चार ओळी, मधे सात-सात मिनिटं.
हर्षालीच्या काना-मात्रा कधी चुकत नाहीत.

तिला म्हटलं, मायला लिहिता येतं?
खाली बघत हसली.
म्हणाली, स्क्रीन तिची बोटं ओळखत नाही, मॅडम,
रेशनचं मशीनही ओळखत नाही.
बोट मुडपून पेरानं दाबते,
दारावर टकटक करावी तसं.

गुरुवारी निंबाबाई स्वतः आली.
टेबलापासून दोन हात लांब उभी,
पदराखाली हात.
मले दी का एक दिवस?
पोर मामाकडे गयी, मी एकटीच शे.

रजिस्टरात रकाना आहे: विद्यार्थ्याचे नाव.
त्यात कोणाला बसवायचं याचं परिपत्रक
माझ्याकडे नाही.
मी लिहिलं, निंबाबाई शामराव भोई.
इयत्ता कोरी ठेवली.
सही करताना तिनं पेन असं धरलं
की पेनलाही आग लागेल.

शुक्रवारी क्रमांक चार परत आला,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, वर रबरबँड.
भोकात पूड नव्हती.
आत एकच प्रश्न होता, तोंडानं विचारलेला,
रात्री अकरा वाजता:
काशी किती लांब शेत.

या वेळी यंत्राला कळलं होतं.
आकडा आला होता, नकाशा, निळी रेघ,
आणि ती रेघ कोणीतरी बोटांनी मोठी करत करत
थेट घाटापर्यंत नेऊन ठेवली होती.
बोटांनी की पेरांनी, कोण जाणे.

मी ती थोडा वेळ पाहिली.
दारात कृष्णा वळवी उभा होता,
रिकामं दप्तर उघडून धरलेलं.

बटण दाबलं.
चार्जर जपून ने, म्हटलं.